विधायकाची तालीम

प्राचार्य वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होते. ते सहसा वर्गात येत नाहीत. आले की समजायचं, वरून काहीतरी आलेलं आहे.

"मॅडमजी, ग्यारहवीं को तैयार करो. विधायकजी आ रहे हैं. बच्चों से क्लायमेट पे बात करेंगे."

आमच्याकडे आमदाराला विधायक म्हणतात. आमच्याकडे म्हणजे बालाघाट जिल्ह्यात, मध्य प्रदेशात. मी राहते वारासिवनीला आणि कटंगीच्या बसने रोज शाळेत जाते. शाळा एका मोठ्याशा गावात आहे, हिंदी माध्यमाची आणि सरकारी. निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलतात, म्हणजे आमची ती मराठी, जी पुण्यातल्या माणसाला हिंदी वाटते आणि जबलपूरच्या माणसाला मराठी. मी विज्ञान शिकवते, हिंदीतून. रागावते मात्र दोन्ही भाषांतून.

तर वरून असं आलं होतं की विद्यार्थ्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीशी हवामान बदलावर संवाद साधावा आणि त्याचा फोटो पाठवावा. प्राचार्यांना यातला फोटो स्पष्ट कळला होता. संवादाबद्दल त्यांना जरा धाकधूक होती. म्हणून त्यांनी प्रश्नही स्वतःच तयार करून दिला. "श्रीमान, पर्यावरण के क्षेत्र में आपने जो महान कार्य किए हैं, कृपया उन पर प्रकाश डालें."

मी तो वर्गात वाचून दाखवला. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता बोलली.

"मॅडम, हा प्रश्न हाय का वरमाला?"

ही मुलगी म्हणजे आमच्या शाळेची कायमची कटकट. उंच, किडकिडीत, आणि तोंड सतत चालू. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तिचे ओठ इतरांपेक्षा जास्त हलायचे. तिची मावशी शेजारच्या गावाची सरपंच होती. "सरपंच मौशी हाय, पन बोलते मौसाजी," असं ती स्वतःच सांगायची. सुट्ट्यांमध्ये मावशीकडे राहून तिने पुढारी लोक जवळून पाहिले होते आणि त्यांचं बोलणं तिला तोंडपाठ झालं होतं.

मी म्हटलं, "बरं, वरमाला एकाने घालावी. बाकीच्यांना खरंच काय विचारायचं आहे?"

आधी सगळ्यांनी पाठ्यपुस्तकं उघडली. मग प्रश्न आले. ग्लोबल वॉर्मिंग कधी थांबणार? ओझोनचं छिद्र कोण बुजवणार? समुद्राची पातळी वाढली तर आपण काय करणार? समुद्र आमच्यापासून इतका लांब आहे की वर्गातल्या कोणीही तो पाहिलेला नव्हता, पण काळजी सगळ्यांना होती. मी प्रश्न फळ्यावर लिहिले. बेडकाचं हृदय पुसावं लागलं.

"आपण तालीम करू," मी म्हटलं. "कोणीतरी विधायक व्हा."

वाक्य पुरं व्हायच्या आत कटकट उठली होती. तिने ओढणी गमछ्यासारखी खांद्यावर टाकली, वर्गाबाहेर गेली आणि हात जोडून आत आली. आत येता येता तिने पहिल्या बाकावरच्या मुलांच्या हातांना हात लावला, एका मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समुद्राचा प्रश्न विचारायला उभा राहिलेल्या मुलाच्या खांद्यावर पंजा ठेवून अत्यंत जिव्हाळ्याने म्हणाली, "बाबूजी कैसे हैं?"

त्याच्या वडलांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण तो बिचारा विरघळला. "अच्छे हैं," म्हणाला आणि खाली बसला. प्रश्न विसरून गेला.

दुसरा उभा राहिला. "गर्मी बढ़ रही है, आप क्या कर रहे हैं?"

"बहुत सुंदर प्रश्न!" ती म्हणाली. "इस उमर में देश की इतनी चिंता! तालियाँ होनी चाहिए." आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उत्तर मिळालेलंच नाही.

सगळ्यात भारी होतं तिचं शेवटचं वाक्य. प्रश्न फारच अंगाशी आला की ती शेजारी उभ्या असलेल्या काल्पनिक माणसाकडे मान वळवायची, डोळे किंचित मिटायची आणि म्हणायची, "दिखवाते हैं." म्हणजे बघायला लावतो. कोण बघणार, काय बघणार, कधी बघणार, याचा त्यात काही पत्ता नाही. पण ऐकणाऱ्याला मात्र काम झाल्यासारखं वाटतं. आमच्या भागात अर्धी कामं या दोन शब्दांवर वर्षानुवर्षं सुखाने पडून असतात.

पुढचे बरेच दिवस शेवटच्या तासाला हा खेळ चालला. वर्ग रोज हरायचा. समुद्र गेला, ओझोन गेला, सगळं 'दिखवाते हैं'मध्ये बुडालं. मी घरी आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्या विधायकाले पानी पाडाले सांगून राह्यले का तुमी? ते त्याच्या हातात नाई, बाई."

"पाणी पाडायला नाही गं. काय हातात आहे, ते विचारायला."

"मंग तसं इचारा ना!"

दुसऱ्या दिवशी मी मुलांना तेच सांगितलं. समुद्र सोडा. जे आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि ज्यात या माणसाचा काहीतरी हात आहे, ते शोधा. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तिरोडीकडचा, वडील मॅंगनीजच्या खाणीत कामाला, आणि स्वभावाने अस्सल हट्टी. तो उठला.

"बस स्टँडपासून शाळेपर्यंत चिचीची अन् करंजाची झाडं हायत. त्याच्यावर पांढरे पट्टे मारले. रोड मोठा होनार म्हून. ते झाडं तोडाचं कोनी ठरवलं?"

कटकटीने तोंड उघडलं. मिटलं. काल्पनिक माणसाकडे बघितलं, पण तोही काही बोलेना. "दिख..." एवढंच म्हणाली आणि वर्ग ओरडला, "कोन दिखवते? नाव सांगा!" विधायक पहिल्यांदा हरला. मुलांनी एवढा गोंधळ घातला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर येऊन बघून गेले.

मग प्रश्न भराभर आले. मधल्या खोल्यांवर टिनाचं छत आहे, एप्रिलमध्ये तिथे बसवत नाही. मागच्या पावसाळ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पाऊस लांबल्यामुळे वाळून गेले, पुन्हा टाकावे लागले, आणि मग पाऊस असा आला की बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, सगळं वाहून गेलं. असं घरोघरी झालं होतं. मी सांगितलं की एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, बरीच वर्षं बघावी लागतात. तर कटकट म्हणाली, "मंग मॅडम, बरीच वर्षं झाल्यावर विधायक दुसरा असंल ना!" मी तोही प्रश्न फळ्यावर लिहिला.

विधायक आले त्या दिवशी ऊन असं होतं की झेंड्याचा खांबही कोणी धरत नव्हतं. कार्यक्रम टिनाच्या हॉलमध्ये ठेवला होता, कारण आमच्याकडे दुसरा हॉल नाही. ते बरेच उशिरा आले. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींची फुलं सुकली होती, गीत मात्र ताजं होतं, कारण त्या ते वाट बघता बघता तिथेच दुरुस्त करत होत्या. शाल झाली, नारळ झाला, आणि नेमकी लाइट गेली.

पंखे थांबले. माइक मुका झाला. प्राचार्य पाहुण्यांना स्वतः वारा घालू लागले. विधायक धिप्पाड, आवाज मोठा, पण घामाने निथळत होते. त्यांनी दोन वाक्यं बोलून पाहिली, मागच्यांना ऐकू जाईना. शेवटी ते शाल काढून मंचावरून खाली उतरले आणि मुलांच्या बाकांमध्ये येऊन उभे राहिले. प्राचार्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं.

पहिला प्रश्न वरमालेचा झाला. एका शहाण्या मुलाने तो पाठ म्हटला आणि विधायकांनी आपल्या महान कार्यांवर प्रकाश टाकला. प्रकाश बराच वेळ पडत राहिला. मग हट्टी मुलगा उभा राहिला. त्याने झाडांचा प्रश्न विचारला, नीट, हिंदीत, जसा ठरला होता तसा. कोणी ठरवलं, आणि ते बदलता येईल का?

विधायकांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "बहुत सुंदर प्रश्न," ते म्हणाले. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे मान वळवली, डोळे किंचित मिटले आणि म्हणाले, "दिखवाते हैं."

अख्खा वर्ग फुटला. मी आयुष्यात मुलांना असं हसताना पाहिलं नाही. एकजण बाकावरून खाली पडला. मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या, त्याचा उपयोग झाला नाही. शहाणा मुलगासुद्धा हसत होता. प्राचार्यांचा वारा घालणारा हात हवेतच थांबला. मी डोळे वटारले, पण मलाही तोंडावर हात धरावा लागला होता, त्यामुळे त्यात काही दम नव्हता.

हसू ओसरलं. तेवढ्यात कटकटीचा कुजबुजता आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला. "आता मेलो, बावा."

विधायक गर्रकन वळले. "कोन मेलं?"

आमच्या मराठीत. शुद्ध आमच्या मराठीत. मला कल्पनाच नव्हती की ते घरी हेच बोलत असतील. मंचावर ते नेहमी हिंदीत बोलायचे.

कटकट उभी राहिली. तोंड नेहमीप्रमाणे शाबूत होतं. "साहेब, आमी तालीम केलती. मी विधायक झालतो... झालती. अन् मी बी असंच म्हनत होती."

"असंच म्हंजे कसं? करून दाखव."

प्राचार्य पुढे सरसावले. "सर, बच्ची नादान है..."

"दाखवू द्या ना, सरजी."

ती आली. ओढणी खांद्यावर टाकली. हात जोडले, बाकांवरच्या हातांना हात लावला, डोक्यावरून हात फिरवला, "बाबूजी कैसे हैं" विचारलं. सुरुवातीला भीत भीत, मग रंगात येत. विधायकांच्या माणसाने तोंड दुसरीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. विधायक मात्र अगदी गंभीरपणे बघत होते, शिंपी आपलं माप घेत असताना माणूस आरशात बघतो तसे.

"बरं," ते म्हणाले. "तू हो विधायक. मी होतो कास्तकार." आणि ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. बाक लहान होता. गुडघे हनुवटीजवळ आले. शेजारची मुलगी अंग चोरून पार टोकाला गेली.

"विधायकजी, राम राम," त्यांनी हात जोडले. "माझी थोडीशी बांधी हाय. पाऊस आता भरोशाचा राह्यला नाई. म्हून मी बोअर मारला अन् उन्हाळी धान लावून राह्यलो. शाळेतल्या मॅडम म्हनतात, पानी खाली चाललं, उन्हाळी धान नका लावू." इथे त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. "नाई लावलं तं घर कसं चालवू? लावलं तं गावचा हँडपंप आटते, बायका मले शिव्या देतात. सांगा, मी काय करू?"

हॉलमध्ये टिन तापून कडकड वाजत होतं. कटकटीने वर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती विधायकांच्या माणसाकडे वळली, डोळे मिटले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दिखवाते हैं."

यावेळी विधायक सगळ्यांत आधी हसले. बाकावर थापा मारून हसले. बाक बिचारा करकरला.

"पाह्यलं?" ते डोळे पुसत म्हणाले. "मी बी काहून म्हनतो? मले बी उत्तर येत नाई म्हून."

"मंग तसं सांगा ना!" ती उसळून म्हणाली. विधायक असल्याचं विसरूनच गेली ती. "येत नाई म्हना. आमी मारतो का तुमाले?"

प्राचार्य खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्ची त्यांच्याखाली आली, एवढंच.

विधायकांनी बसल्या जागी तिला हात जोडले. "येत नाई," ते म्हणाले. "उन्हाळी धानाचं मले खरंच नाई येत. बंद करा म्हनलं तं लोक मत देनार नाईत, अन् चालू ठेवा म्हनलं तं पानी राहनार नाई. आता तुमी सांगा."

तिथून पुढे जे झालं त्याला वरच्या लोकांनी संवाद म्हटलं असतं की नाही, कोण जाणे. खरं तर भांडण झालं. एक मुलगी उठून म्हणाली, उन्हाळ्यात हरभरा आणि मोहरी लावा, पाणी कमी लागतं. दुसरी म्हणाली, हरभरा हिवाळ्यात लावतात, तुझ्या घरी कास्तकारी आहे की किराणा? पहिलीच्या घरी किराणा दुकानच होतं, त्यामुळे ती रडकुंडीला आली. एकजण म्हणाला बोअरवर बंदी घाला. त्याच्या चुलतभावाने तिथेच त्याला विचारलं, "आपला बोअर बी बंद करू का?" विधायक या बाकावरून त्या बाकाकडे मान फिरवत होते. "मले वाटलं विधानसभेतच असं होते," एवढं एकच वाक्य त्यांनी मध्ये टाकलं.

मग त्यांनीही विचारलं. "शाळेत मोटारसायकलवर कोन कोन येते?" काही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "गाव जवळच हाय ना? पायी काहून नाई येत?"

"सावली तोडून राह्यले म्हून," हट्टी मुलगा म्हणाला. तो अजून उभाच होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि उत्तरही मिळालं नव्हतं. "झाडाचं राह्यलं, साहेब."

विधायक आता हसले नाहीत. रस्ता त्यांच्या हातात नाही, पण तो ज्या इंजिनिअरच्या हातात आहे त्याला ते इथे बोलवू शकतात, असं म्हणाले. "कधी?" मुलगा म्हणाला. विधायकांनी आपल्या माणसाकडे पाहिलं. मुलगाही त्या माणसाकडेच बघू लागला. तो माणूस दोघांच्या नजरेत सापडून म्हणाला, "शनिवार को."

टिनाच्या छताबद्दल विचारायची वेळच आली नाही. विधायकांनी जाताना वर पाहिलं, शर्टाची बाही पिळली आणि म्हणाले, "हे मले समजलं."

फोटो निघाला. त्यात विधायक लहान बाकावर गुडघे वर करून बसलेत, तोंड उघडं आहे, आणि कटकट त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी बजावते आहे. दुसरा धड फोटो नव्हता. प्राचार्यांनी तो पाठवावा की न पाठवावा यावर चार दिवस चहा पिताना चर्चा केली, शेवटी देवाचं नाव घेऊन पाठवला. वरून काहीच उत्तर आलं नाही. मला वाटतं, कोणी उघडून पाहिलाच नसावा.

शनिवारी इंजिनिअर आला. तरुण होता आणि वैतागलेला होता. आपल्याला शाळकरी पोरांसमोर का बोलावलं, हे त्याला कळत नव्हतं. मुलांनी त्याला बस स्टँडपासून शाळेपर्यंत चालवत आणलं. आधी तो मोबाइलमध्ये बघत चालत होता. मध्ये झाडांची रांग तुटून उघडा रस्ता लागला तिथे त्याने मोबाइल डोक्यावर धरला, आणि मग स्वतःच थांबून मागे पाहिलं. हट्टी मुलाने त्याला दाखवलं की एका बाजूला नुसती पडीक जमीन आहे, रस्ता तिकडे सरकवता येईल. इंजिनिअर म्हणाला, थोडाफार सरकेल, सगळा नाही. खरं बोलला, म्हणून मुलांनी त्याला वाद न घालता जाऊ दिलं.

शेवटी एका बाजूची झाडं राहिली, दुसऱ्या बाजूची गेली. तोडली त्या दिवशी मुलगा शाळेत उशिरा आला. मी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "मॅडम, अर्धे वाचले का अर्धे गेले, कसं म्हनाचं?" मी म्हटलं, मलाही ठरवता येत नाही. तो म्हणाला, "मी तं दोन्ही म्हनतो," आणि डबा खायला गेला.

टिनावर पांढरा रंग लागला आणि आतून दुसरं छत बसलं. एप्रिलमध्ये तिथे अजूनही गरम होतं, पण आता मुलं बेडकाचं हृदय जागेपणी शिकतात. पावसाळ्यात गेलेल्या झाडांऐवजी शाळेने रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला नवी रोपं लावली. प्राचार्यांना विधायकांना बोलवायचं होतं. मुलं नाही म्हणाली. लावायला सगळेच येतात, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी पुढच्या उन्हाळ्यात विधायकांच्या त्या माणसाला फोन केला, शनिवारचं कबूल करणाऱ्याला, आणि सांगितलं, "पानी टाकाले या."

मला वाटलं नव्हतं, पण विधायक आले. हार नाही, नारळ नाही, सोबत तोच एक माणूस. बोरीच्या काट्यांचं कुंपण हाताने बाजूला करताना त्यांना काटा टोचला आणि त्यांनी अशी शिवी दिली की मुलांनी ती लगेच न ऐकल्यासारखं केलं. एका आळ्यात त्यांनी बादली ओतली, दुसऱ्यात ओतली, मग उरलेल्या चिंचेच्या सावलीत बसून स्वतःच पाणी मागितलं. कटकट तांब्या घेऊन गेली. ती आता बारावीत होती.

"उन्हाळी धानाचं काही सुचलं का?" तिने विचारलं.

"तुले सुचलं का?"

"थोडंसं सुचलं."

"सांग."

ती खाली बसली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. विधायक मध्ये मध्ये मान हलवत होते, एकदा म्हणाले, "असं नाई होत, बाई," तर तिने त्यांच्या हातातून रिकामा तांब्या घेतला, बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.